कानोसा गाडी आणि लपणारा गोंगाट

"बूट काढ!"

"बूट?" पिटुकलीने आधी समोरच्या माणसाकडे पाहिलं, मग आपल्या पायांकडे. "काका, मी चिखलात पाय घातलेला नाही. हवं तर तळवे बघा!"

"चिखल चालेल. दिवे चालणार नाहीत!"

ती एक पाऊल मागे सरली आणि बुटांच्या टाचांमध्ये लाल-निळे दिवे लुकलुकले. टेबलामागचे काका असे दचकले, जणू तिने खोलीत साप सोडला!

हे काका म्हणजे वेधशाळेचे शांतता अधिकारी. काम शांतता राखण्याचं. आवाज असा की फाटकाबाहेरच्या झाडावरची पाखरं एव्हाना दोनदा उडून परत बसली होती. स्टेशनवरून मुलांना आणायला तेच आले होते आणि आता फाटकाशी झडती घ्यायलाही तेच बसले होते. मुलांनी वाटेतच त्यांचं बारसं करून टाकलं होतं: शांतताकाका!

"घड्याळ," शांतताकाका ताईला म्हणाले. तेरा वर्षांच्या ताईने, पिटुकलीच्या थोरल्या बहिणीने, निमूटपणे मनगटावरचं घड्याळ काढून दिलं.

"तुझ्या पिशवीत काय आहे रे?"

"दात घासायचा ब्रश," शंकासुर म्हणाला. "का?"

"बॅटरीवर चालतो?"

"हो. का?"

"जप्त!"

"का पण? आणि मी दात कशाने घासू? आणि ब्रशमुळे आकाशाला काय होतं?"

हा ताईचा आणि पिटुकलीचा मामेभाऊ. एका वाक्याला तीन प्रश्न हा त्याचा नेहमीचा भाव, म्हणून घरीदारी सगळे त्याला शंकासुरच म्हणत.

"बोटाने घास! आजवर माणसं बोटानेच घासत आली!" काकांनी बूट, घड्याळ आणि ब्रश धातूच्या डब्यात टाकले, झाकण घट्ट लावलं आणि वर चिठ्ठी चिकटवली. "या फाटकाच्या आत विजेवर चालणारी साधी शिट्टीसुद्धा तपासणी-खोलीतून पास झाल्याशिवाय येत नाही. नियम मी केला आहे!"

एवढं बोलून ते आपल्या गाडीकडे वळले. गाडीच्या टपावर अँटेनाच्या काट्यांचा मोठा फणा होता, मागच्या बाजूला यंत्रांचं कपाट. नाव तिचं 'कानोसा'. चोरटे रेडिओ आवाज हुडकत ती माळावर हिंडायची. मुलं स्टेशनवरून याच गाडीतून आली होती, गुडघे पोटाशी घेऊन; कारण पायाखाली एक भलंमोठं खोकं होतं आणि काका दर वळणावर ओरडत होते, "खोक्यावर पाय ठेवू नका! नाजूक आहे! नवंकोरं आहे!"

आता त्यांनी तेच खोकं कडेवर घेतलं, तान्ह्या बाळासारखं, आणि गाडीच्या शेडकडे निघून गेले.

माणूस दुसऱ्याच्या वस्तू मोजताना जितका काटेकोर असतो, तितका स्वतःच्या मोजताना नसतो. पण ही गोष्ट मुलांच्या लक्षात यायला अजून अवकाश होता. तूर्तास पिटुकली मावशीच्या मोठ्या सपाता घालून फटक फटक चालत होती आणि दोघे तिला हसत होते.

*

मावशी खगोलशास्त्रज्ञ होती. ताई आणि पिटुकलीची मावशी, शंकासुराची आत्या. वर्षातून एकदा घरी यायची आणि जेवताना मध्येच पानावर बोटाने आकृत्या काढायची. या सुट्टीत तिनेच तिघांना बोलावलं होतं. पण कामातून सवड काढून ती त्यांना माळावर घेऊन गेली, तेव्हा त्यांना येऊन चार दिवस झाले होते.

"हीच का तुझी दुर्बीण?" ताईचा चेहरा पडला. माळावर रांगेने उभी होती ती जणू पाय पसरलेली लोखंडी टेबलं! ना घुमट, ना भिंग, ना नळी.

"हीच," मावशी अभिमानाने म्हणाली. "ही डोळा लावून बघायची नाही. ही ऐकते."

"काय ऐकते? कोणाचं? आणि दिवसा?" शंकासुराने सरबत्ती सुरू केली.

"दिवसासुद्धा! रेडिओ लहरींना उजेडाचं वावडं नाही. आकाशाचा जो शांत कोपरा मला हवा आहे, तो सध्या दुपार कलली की माथ्यावर येतो. सूर्य मधे बडबडतो थोडा, पण त्याची बडबड ओळखीची आहे, ती वजा करता येते." मावशी एका टेबलाला टेकली. "हे बघा. लांबून येणाऱ्या लहरींना वेळ लागतो. जितकं लांबचं ऐकाल, तितकं जुनं ऐकाल. विश्वात एके काळी एकही तारा नव्हता. नुसता काळोख आणि सगळीकडे पसरलेला हायड्रोजन वायू. मग कधीतरी पहिला तारा पेटला, दुसरा पेटला... तेव्हाची त्या वायूची कुजबुज तेरा अब्ज वर्षांहून जास्त काळ प्रवास करत अजून येते आहे."

"इथे? या टेबलांवर?" पिटुकलीने हळूच पत्र्याला कान लावला.

"तिथेच. पण इतकी बारीक की तुझ्या बुटातला दिवासुद्धा तिच्यापुढे बँडबाजा!"

पिटुकलीने एकदम कान काढला. बुटांवरून धरलेला राग तिने त्या क्षणी सोडून दिला. एवढ्या लांबून कोणी येत असेल, तर आपण थोडं गप्प बसायला काय हरकत आहे?

"मग सापडली का कुजबुज?" ताईने विचारलं.

मावशीचा चेहरा उतरला. ती त्यांना नियंत्रण-खोलीत घेऊन गेली. खोली म्हणजे एक पोलादी पेटीच होती. दार तिजोरीसारखं जाड, एकुलत्या एका खिडकीच्या काचेत बारीक तारांची जाळी. आतल्या संगणकांचा आवाज बाहेर झिरपू नये म्हणून. पडद्यावर निळसर पट्टा हळूहळू सरकत होता. मध्येच त्यावर पांढऱ्या रेघांचा पाऊस सुरू झाला आणि पट्टा दिसेनासा झाला.

"हा बघा. रोज असाच येतो, नेमका माझ्या वेळेला. या गोंगाटाखाली सगळं बुडतं."

"आत्या, कधीपासून येतोय हा?"

मावशी जरा घुटमळली. उत्तर दारातून आलं, तेही दणदणीत.

"ही पोरं आली त्या दिवसापासून!" शांतताकाका कमरेवर हात ठेवून उभे होते. "मी संचालकबाईंच्या कानावर घातलं आहे. यांच्याकडे अजून काहीतरी दडवलेलं आहे!"

*

पुढचे दिवस चोर-पोलिसांच्या खेळात गेले. फक्त चोर कोण ते पोलिसांना ठाऊक नव्हतं. काकांनी मुलांच्या उशा उसवल्या. स्वयंपाक्याचं भिंतीवरचं घड्याळ नेलं, तेव्हापासून अंडी कधी कच्ची, कधी दगड. ग्रंथपालांच्या कानातलं यंत्रही तपासायला नेलं, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना सगळेच काकांच्या आवाजात बोलू लागले.

आणि रोज जेवण झालं की काका कानोसा गाडी घेऊन माळभर फिरत. चहाच्या वेळेला परत येत आणि छाती फुगवून सांगत, "मी निघालो की गोंगाट चिडीचूप! खुट्ट म्हणून ऐकू येत नाही. याला म्हणतात दरारा!"

"पण तुम्ही परत आलात की सुरू होतो," शंकासुर म्हणाला.

"कारण चोर लबाड आहे! गाडी दिसली की लपतो!"

"रेडिओ लहरींना गाडी दिसते? कशी? टपावरचा फणा ओळखतात का त्या?"

"तू जास्त बोलतोस!" काका म्हणाले. हे मात्र त्यांनी अगदी बरोबर हेरलं होतं.

त्या संध्याकाळी संचालकबाई आल्या. बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांच्या, हातात काठी, आवाज हळू. पण त्या बोलू लागल्या की ग्रंथपालांनाही यंत्राशिवाय ऐकू येई.

"उद्या संध्याकाळपर्यंत बघू," त्या मावशीला म्हणाल्या. "गोंगाट थांबला नाही, तर तुमची निरीक्षणाची पाळी पुढच्या गटाला द्यावी लागेल. समितीतले काहीजण तर म्हणतात की दोष बाहेर नाहीच, तुमच्या यंत्रातच आहे. मग ते माळावरचं सगळं उतरवावं लागेल. मला वाईट वाटतं. पण रांगेत बाकीचेही आहेत."

"आणि मुलं?" काकांनी विचारलं.

"मुलांनाही परवा घरी सोडा."

त्या लोखंडी टेबलांतल्या कितीतरी तारा मावशीने स्वतःच्या हाताने जोडल्या होत्या. बोटांवर डाग होते त्यांचे. जेवताना तिने पानावर एकही आकृती काढली नाही, तेव्हा ताईने न राहवून विचारलं.

"मावशी, यंत्र खरंच बिघडलं असेल का गं?"

"मी तपासलंय. सगळ्यात आधी तेच तपासते." मावशीने चमचा खाली ठेवला. "आमच्या धंद्यातली पहिली शिस्त आहे ती. आकाशात काही नवल दिसलं, की आधी आपल्या यंत्रावर संशय घ्यायचा. मग आपल्या तारांवर. मग आपल्या हिशेबावर. स्वतःला पुरतं उलटं-पालटं केल्याशिवाय आकाशाकडे बोट दाखवायचं नाही. नाहीतर रोज नवा शोध लागेल आणि रोज संध्याकाळी तो पडेल!"

ताईचा घास हातातच राहिला.

"ज्याने ऐकायचं, त्याच्यावर आधी संशय?"

"हो, आधी त्याच्यावर."

"मग माळावर ऐकत कोण फिरतं?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शंकासुराने तोंड उघडलं, पण पहिल्यांदाच त्यातून प्रश्न बाहेर पडला नाही!

*

"गाडी बाहेर असते तेव्हा शांतता. गाडी शेडमध्ये असते तेव्हा गोंगाट," दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर पायरीवर बसून ताईने बोटांवर मांडलं. "चोर गाडीला घाबरत नाही. चोर गाडीबरोबर घरी येतो!"

"पण मग गाडीलाच ऐकू येईल ना?" शंकासुर म्हणाला. "तिचे कान एवढे तिखट!"

"घरी आल्यावर ती ऐकते का पण?" पिटुकलीने विचारलं. "मी तर घरी आल्यावर झोपते."

ताईने टाळी वाजवली. "चला शेडकडे!"

काका जेवणानंतरच्या फेरीवर गेले होते, शेडचं दार सताड उघडं होतं. आत शिरायला मनाई होती, म्हणून तिघे उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. पण माना आत घालायला कोणाची मनाई नव्हती. कोपऱ्यात ओळखीचं खोकं पडलं होतं, रिकामं. फळीवर काळं यंत्र होतं, त्याच्यापासून जाड वायर लोंबत होती.

"बॅटरी भरायचं यंत्र!" शंकासुर कुजबुजला. "गाडीच्या मागच्या कपाटाची बॅटरी याच्यावर भरतात! आपण आलो त्याच दिवशी हे आलं. आपल्या पायाखालून!"

"आणि त्याच्यावर तपासणी-खोलीची चिठ्ठी कुठे आहे?" ताई म्हणाली.

चिठ्ठी नव्हती. पिटुकलीच्या बुटांना होती, घड्याळाला होती, ब्रशलासुद्धा होती.

फेरीवरून परतलेल्या काकांना ताईने सरळच विचारलं. काका आधी हसले, मग लाल झाले.

"हे यंत्र? अगं, हे माझं आहे! माझ्या खात्याचं! गोंगाट पकडणाऱ्या गाडीचं! ते कसं गोंगाट करेल? जुनं बिघडलं म्हणून मी स्वतः पारखून आणलं, तेही निम्म्या भावात! बटणाला हात लावलात तर याद राखा!"

त्यांनी गाडी आत घेतली, कपाट बंद केलं, वायर लावली, बटण दाबलं आणि चहाला निघून गेले. दार उघडंच राहिलं. यंत्र तापतं, त्याला वारा लागतो, असं त्यांचं म्हणणं.

"बटणाला हात लावायचा नाही," शंकासुर म्हणाला. "मग सिद्ध कसं करायचं?"

"मोठ्यांची परवानगी घेऊन," ताई म्हणाली. "आणि काकांहून मोठं इथे एकच माणूस आहे."

ती धावतच संचालकबाईंच्या खोलीत गेली. बाईंनी चष्म्यावरून पाहत सगळं ऐकून घेतलं.

"मावशीला सांगितलंस हे?"

"नाही. मुद्दामच नाही. तिला माहीत असलं, तर मनातलं पडद्यावर दिसेल. तिला मी एवढंच सांगणार आहे की गोंगाट थांबला की हात वर कर, सुरू झाला की खाली कर."

बाईंनी चष्मा काढला. "हे तुला कोणी शिकवलं?"

"तिनेच. स्वतःवर आधी संशय घ्यायचा म्हणून."

बाई उठल्या आणि काठी न घेताच निघाल्या.

फोन नाही, वायरलेस नाही. निरोप पोचवायचा तर डोळ्यांनीच! शेडच्या उंबऱ्यावर शंकासुर, बाईंची सही असलेली चिठ्ठी खिशात घेऊन. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर पिटुकली, हातात लाल टॉवेल. तिथून तिला शेडमधलं बटण सरळ दिसत होतं. आणि नियंत्रण-खोलीच्या जाळीच्या खिडकीबाहेर ताई आणि संचालकबाई; तिथून आत मावशी दिसे आणि मान वळवली की टाकी.

पडद्यावर पांढऱ्या रेघा कोसळत होत्या. मावशीचा हात खाली होता.

शंकासुराने बटण बंद केलं. टाकीवर टॉवेल वर गेला. आत मावशी खुर्चीत ताठ झाली आणि तिचा हात वर गेला!

"योगायोग असू शकतो," बाई शांतपणे म्हणाल्या.

"असू शकतो," ताई म्हणाली.

तेवढ्यात टाकीवरून पिटुकली किंचाळली, "काका आलेऽऽ!"

शेडमध्ये शांतताकाका बिस्कीट हातात धरूनच दाखल झाले होते. "काय चाललंय! बंद केलंस? माझं यंत्र बंद केलंस?"

"काका, ही चिठ्ठी..."

"चिठ्ठी नंतर!" काकांनी खटकन बटण चालू केलं.

टॉवेल खाली. मावशीचा हात खाली.

"वायर ओढलीस वाटतं! बिघडवलंस!" काकांनी तपासायला बटण बंद केलं.

टॉवेल वर. हात वर.

"दिवा तर लागतोय..." चालू. टॉवेल खाली. हात खाली. "पंखा फिरतोय का?" बंद. वर, वर! चालू. खाली, खाली!

पिटुकलीची तारांबळ उडाली होती. एक सपात जिन्यावरून खाली घरंगळली, पण टॉवेल एकदाही चुकला नाही. आत मावशी वेड्यासारखा हात वर-खाली करत होती आणि तिला कळत नव्हतं की विश्वाला झालंय तरी काय! खिडकीबाहेर संचालकबाई एकदा टाकीकडे, एकदा खिडकीकडे पाहत होत्या. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं.

"आत्ता बटणापाशी कोण आहे?" त्यांनी विचारलं.

"शांतता अधिकारी," ताई म्हणाली.

"अस्सं. मग प्रयोग उत्तम माणसाच्या हातून पार पडला."

*

शेडमध्ये सगळे जमले तेव्हा काका अजून यंत्र पुसत होते. बाईंनी काय घडलं ते दोन वाक्यांत सांगितलं. काकांनी यंत्राकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, हातातल्या बिस्किटाकडे पाहिलं.

"पण मी फिरत होतो... रोज... मला एकदाही..."

"तुम्ही फिरायचात तेव्हा हे बंद असायचं," शंकासुर म्हणाला. "आणि हे चालू असायचं तेव्हा गाडीचे कान बंद!" प्रश्न नव्हे, उत्तर! त्याचं त्यालाच नवल वाटलं.

"काखेत कळसा अन् गावाला वळसा!" पिटुकली टाळ्या पिटत म्हणाली. ताईने तिला कोपर मारलं.

पण काकांनी राग धरला नाही. बराच वेळ ते गप्प उभे राहिले. वेधशाळेत इतकी शांतता त्यांनी प्रथमच राखली होती. मग त्यांनी धातूचा डबा ओढला, यंत्र त्यात ठेवलं, झाकण घट्ट लावलं आणि वर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली. जप्त. कोणाकडून, या जागी आपलंच नाव लिहिलं.

"या पोरांनी काहीतरी दडवलंय असं मी म्हणालो होतो," ते खाली बघत मावशीला म्हणाले. आवाज चक्क हळू होता. "ते मी मागे घेतो. नव्या माणसाची झडती घेतली, नव्या वस्तूची घेतली नाही. तुमचे इतके दिवस माझ्यामुळे बुडाले."

"दिवस भरून देता येतील," संचालकबाई म्हणाल्या. "बुडालेले सगळे दिवस यांच्या पाळीत जोडले जातील. आणि समितीला मी कळवते की यंत्र निर्दोष आहे. मुलांनो, मोठमोठी माणसं आकाशाला प्रश्न विचारतात; त्याआधी स्वतःला विचारायला फार थोड्यांना जमतं. तुम्हाला इतक्या लवकर जमलं. उद्या घरी जायचं कारण नाही. सुट्टी संपेपर्यंत राहा!"

मावशीने तिघांना पोलादी खोलीत नेलं. पडद्यावर निळसर पट्टा सरकत होता. गुळगुळीत, संथ, एकही रेघ नाही.

"यात तर काहीच दिसत नाही," पिटुकली हिरमुसली.

"काहीच दिसत नाही!" मावशी हसली आणि तिचे डोळे भरून आले. "किती सुंदर आहे बघ! आता याच्यातून आपली आकाशगंगा वजा करायची, सूर्य वजा करायचा, माहीत आहे ते सगळं वजा करायचं. शेवटी जे उरेल, त्यात कदाचित तो पहिला तारा असेल."

"कधी सापडेल?" शंकासुराने विचारलं.

"माहीत नाही. वर्षं लागतील."

"आणि नाही सापडला तर?"

"तर तो तिथे नव्हता, एवढं तरी कळेल. तेही कोणालातरी कळायलाच हवं ना!"

तिघे त्या पट्ट्याकडे बघत उभे राहिले.

सुट्टी संपली तेव्हा शांतताकाकांनी फाटकाशी डबा उघडला. घड्याळ ताईला दिलं, ब्रश शंकासुराला. बूट मात्र त्यांनी पुसून, नाड्या ओवून तयार ठेवले होते.

"घाल," ते पिटुकलीला म्हणाले. "फाटकापाशी एवढं चालतं. मी परवानगी देतो."

पिटुकलीने मागे वळून पाहिलं. दूर माळावर मावशीची टेबलं उभी होती. दुपार कलली होती. शांत कोपरा माथ्यावर येत होता.

"नको," ती म्हणाली. तिने बूट काखेत मारले आणि अनवाणीच गाडीत चढली.

कानोसा गाडी वळणं घेत टेकडीपलीकडे उतरली, वेधशाळेची हद्द सांगणारा शेवटचा खांब मागे पडला. तेव्हा तिने बूट चढवले, नाड्या आवळल्या आणि दोन्ही टाचा धाडकन आपटल्या!

लाल! निळा! लाल!

"ए, हळू!" शांतताकाका पुढून ओरडले. त्यांचा आवाज आता अगदी पूर्वीसारखा झाला होता, आणि रस्त्याकडेच्या झाडावरची सगळी पाखरं उडाली.